मशीन आमचं, मग डेटा कोणाचा? युरोपचा डेटा अ‍ॅक्ट आणि डिजिटल स्वावलंबन

नेकारकाठ
नमस्कार मंडळी. मी स्टुटगार्टजवळ एका मध्यम आकाराच्या कंपनीत उत्पादन विभागात आहे, गिअरचे भाग बनवतो आम्ही. १२ सप्टेंबर २०२५ पासून युरोपियन युनियनचा डेटा अ‍ॅक्ट लागू झाला, त्यावर इथे कोणीच काही लिहिलेलं दिसलं नाही म्हणून धागा काढतोय.

आधी आमच्या शॉपफ्लोअरवर काय चालतं ते सांगतो. आमच्याकडे पाच अक्षांची सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन्स आहेत. स्पिंडलचं, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं तापमान, कंपन, मोटरवरचा लोड, टूल कधी बदललं, दार कधी उघडलं, सगळं मशीन नोंदवतं आणि बनवणाऱ्याच्या क्लाउडवर पाठवतं. आम्हाला काय दिसायचं, तर पोर्टलवर एक हिरवा-पिवळा-लाल दिवा आणि एक आलेख. आलेखामागचे आकडे हवे असतील तर वेगळं सबस्क्रिप्शन, आणि ते घेतलं तरी एक्सपोर्टचं बटण नाही. बेअरिंग जायला लागलंय हे त्यांना आमच्याआधी कळायचं आणि मग सर्व्हिसचं कोटेशन यायचं. वीज आमची, ऑपरेटर आमचा, मशीनचे पैसे फेडून झालेले, आणि आकडे बघायला परवानगी त्यांची!

आता कायद्याने वापरणाऱ्याला तो कच्चा डेटा फुकट, आणि जमत असेल तिथे थेट चालू प्रवाहात मिळायला हवा, आणि आम्ही म्हणू त्या तिसऱ्या पार्टीलाही द्यायला हवा. आम्ही लेखी मागितला. बरीच पत्रापत्री झाली, पण मिळाला. मोठीच्या मोठी टेबलं, कॉलमची नावं जर्मन संक्षेपात, पण दर सेकंदाचे आकडे. गावातल्या एका छोट्या सर्व्हिसवाल्याला दाखवले, त्याने कंपनाचे आकडे बघून कुठल्या मशीनचं बेअरिंग आधी बदलायचं ते सांगितलं.

माझं म्हणणं असं की युरोपचं डिजिटल स्वावलंबन म्हणून जे सतत ऐकू येतं, आपला क्लाउड, आपले डेटा सेंटर, आपली चिप, त्या सगळ्याच्या आधी ही गोष्ट येते. आपला डेटा आपल्या हातात यावा आणि नको असेल तेव्हा सोडून जाता यावं. घर भाड्याचं असलं तरी चालेल, कडी बाहेरून लावलेली नको.

तुम्हाला काय वाटतं? युरोपात काम करणाऱ्यांचे, युरोपला माल पाठवणाऱ्यांचे अनुभव वाचायला आवडतील. यातून खरंच काही बदलेल की नुसती कागदपत्रं वाढतील?

सई_म
रुमाल टाकून ठेवते, सविस्तर नंतर लिहीन. विषय फार जवळचा आहे.

हातोडी
मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे मशीन बनवणाऱ्यांच्या. नेकारकाठ, तुमचा राग समजतो पण आमचंही ऐका. त्या लोडच्या आणि तापमानाच्या आकड्यांवरून जाणकार माणूस आमचं कंट्रोल कसं वागतं ते बऱ्यापैकी ओळखू शकतो. वीस-वीस वर्षं घालवून जमवलेली गोष्ट असते ती. आणि आमच्या भागातल्या कंपन्यांची मुख्य भीती ही की गिऱ्हाइकाच्या हातून तो डेटा उद्या चीनमध्ये शेनझेनला, स्पर्धकांकडे पोचला तर? डेटा द्यायची यंत्रणा बांधायचा खर्चही आमच्याच डोक्यावर. १२ सप्टेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या मशीनमध्ये तर ही सोय मुळातच डिझाइनमध्ये असायला हवी. त्यासाठी चांगले दोन इंजिनिअर नव्या मॉडेलवरून काढून याच्यावर बसवलेत.

मेधा_ल्योन
नेकारकाठ, विषय छान मांडलात पण "आपला क्लाउड नंतर, आधी हे" याच्याशी अजिबात सहमत नाही.

बाहेर पडायचं दार आहे पण सर्व्हर ज्याच्या ताब्यात तो दुसऱ्या देशाच्या कायद्याला बांधलेला आहे, तर त्या दाराचा काय उपयोग? अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड अ‍ॅक्ट स्पष्ट आहे, अमेरिकन कंपनीच्या ताब्यात डेटा असेल तर तो जगात कुठेही ठेवलेला असो, तिथल्या यंत्रणा रीतसर आदेश काढून मागू शकतात. १० जून २०२५ ला फ्रेंच सिनेटच्या चौकशी समितीपुढे मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या कायदेविषयक प्रमुखांना शपथेवर विचारलं, की फ्रेंच नागरिकांचा डेटा फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय अमेरिकेला कधीच जाणार नाही याची हमी देता का? ते म्हणाले, नाही, हमी देऊ शकत नाही. असं आजवर घडलेलं नाही हेही त्यांनी सांगितलं, पण हमी नाही ती नाहीच. आणि याच देशाने आपला आरोग्य डेटाचा राष्ट्रीय प्रकल्प २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच क्लाउडवर ठेवायचं ठरवलं, त्यावरचा वाद वर्षानुवर्षं चालू राहिला.

युरोपियन सेंट्रल बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्रागींच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात आकडे आहेत. युरोपच्या क्लाउड बाजाराचा ६५ टक्क्यांहून जास्त हिस्सा तीन अमेरिकन कंपन्यांकडे आणि सगळ्यात मोठ्या युरोपियन कंपनीकडे २ टक्के. तुमच्या स्पिंडलचा डेटा मशीनवाल्याच्या तावडीतून सुटून शेवटी कुठल्या सर्व्हरवर जाऊन बसला ते सांगा बरं.

नेकारकाठ
@मेधा_ल्योन, आमच्या कंपनीतलाच सर्व्हर आहे हो, तळमजल्यावर :) पण मुद्दा मान्य, सगळ्यांना ते परवडत नाही.

तरी मी दाराच्याच बाजूने बोलेन. सोडून जाणं महाग आणि किचकट असतं म्हणून लोक तिथेच राहतात. डेटा आत टाकायला फुकट, बाहेर काढायला गिगाबाइटमागे पैसे, असंच इतकी वर्षं चाललं. डेटा अ‍ॅक्टने यावर थेट बोट ठेवलंय. जास्तीत जास्त दोन महिन्यांची नोटीस, त्यानंतर साधारण ३० दिवसांत हलवून द्यायचं, आणि १२ जानेवारी २०२७ पासून हलवण्याचे पैसे घ्यायचेच नाहीत. कायदा जानेवारी २०२४ मध्ये अमलात आला आणि त्याच महिन्यात गुगलने, मार्चमध्ये अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने कायमचं सोडून जाणाऱ्यांसाठी हे शुल्क काढून टाकलं. जे शुल्क अटळ म्हणून सांगत होते ते लगेच निघालं की नाही?

@हातोडी, शेनझेनची भीती खरी आहे. पण त्या भीतीच्या आडून गावातल्या सर्व्हिसवाल्यालाही डेटा नाकारला जात होता, ते कसं चालेल?

डोंगरवाट
गाया-एक्सचं, म्हणजे युरोपच्या सामायिक डेटा व्यवस्थेच्या प्रकल्पाचं नाव अजून कोणी घेतलं नाही?

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये डॉर्टमुंडला जर्मन सरकारने घोषणा केली तेव्हा मी तिथल्याच एका संशोधन संस्थेत होते, आणि खरं सांगते, आम्ही भारावून गेलो होतो. जर्मनीचे आल्टमायर आणि फ्रान्सचे ले मेअर, दोन्ही अर्थमंत्र्यांनी उचलून धरलं. २०२० मध्ये २२ संस्थापक, ११ जर्मन ११ फ्रेंच. पेपरवाल्यांनी लगेच युरोपचा स्वतःचा क्लाउड म्हणून लिहून टाकलं. प्रत्यक्षात काम होतं नियम आणि मानकं ठरवायचं, एकमेकांना ओळख पटवायची, डेटा कुठल्या अटींवर दिला ते मशीनला वाचता येईल असं लिहायचं. मग सदस्य वाढले, अमेरिकन आले, चिनी आले, पॅलंटिर ही अमेरिकन डेटा कंपनीही आली. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये स्केलवे ही फ्रेंच क्लाउड कंपनी बाहेर पडली. बैठकांमागून बैठका, कागदावर कागद, आणि एखाद्या कारखान्याला उद्या सकाळी वापरता येईल असं हातात काही नाही. मला त्याचं आजही फार वाईट वाटतं कारण त्यात राबणारी माणसं खरोखर चांगली होती.

पण सगळं वाया गेलं नाही. त्याच विचारातून गाड्यांच्या उद्योगासाठी २०२१ मध्ये कॅटेना-एक्स उभं राहिलं, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, सॅप, बॉश वगैरे मिळून, आणि ते चालतंय. त्यात मधे कुठलंही मोठं गोदाम नाही. प्रत्येकाचा डेटा प्रत्येकाकडे, कनेक्टर (जोडणारं सॉफ्टवेअर) लावायचा, समोरच्याने मागितलं की आधी अटी जुळतात का ते तपासलं जातं, मगच डेटा एकाकडून दुसऱ्याकडे थेट जातो. कनेक्टरचा कोड एक्लिप्स फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेकडे, सगळ्यांना खुला.

चाकणकर
डोंगरवाट यांनी कॅटेना-एक्सचं नाव काढलं म्हणून लिहितो. आम्ही चाकणला अ‍ॅल्युमिनियमचे कास्टिंग करतो, माल थेट जर्मनीत नाही जात, मधल्या एका सप्लायरमार्फत जातो.

आम्हाला पहिल्यांदा जे कळलं ते एका ईमेलमधून. प्रत्येक पार्टचा कार्बन फूटप्रिंट (तो बनवताना किती कार्बन हवेत गेला) द्या, पार्टवार, आणि सोबत भलंमोठं पुस्तक, हिशोब कसा करायचा त्याचं. भट्टीला किती युनिट वीज लागली, त्यात सोलरची किती, भंगार किती परत वितळवलं, इनगॉट (धातूची लादी) कुठून आला, त्या स्मेल्टरची वीज कोळशाची की पाण्याची. आमच्याकडे सगळ्या प्लांटला मिळून एक मीटर! पार्टवार सांगणार कसं? मग भट्ट्यांना वेगळे मीटर बसवले, शिफ्टचं वजन लिहायचं रजिस्टर होतं ते कॉम्प्युटरवर आणलं. पोरांनी नाकं मुरडली सुरुवातीला. पण त्या मीटरमुळे कळलं की शनिवारी रात्री काम नसताना होल्डिंग फर्नेस (वितळलेला धातू गरम ठेवणारी भट्टी) नुसती तापत असते आणि केवढी वीज खाते. तो खर्च वाचला, तो फायदा आमचाच.

त्रास कुठे होतो सांगतो. इनगॉट कोणाकडून, काय भावात, रिजेक्शन किती, हे सगळं वरच्या गिऱ्हाइकाला दिसलं तर पुढच्या भावाच्या बोलणीत तो तेच आकडे आमच्यापुढे ठेवणार. झालंय तसं. नाव घेत नाही, पण एका गिऱ्हाइकाने आमचीच शीट उघडून "तुमची वीज एवढीच लागते मग भाव एवढा का" असं विचारलं. डेटा शेअरिंग बरोबरीच्या लोकांत ठीक आहे. आम्ही साखळीच्या शेवटच्या टोकाला, आम्हाला नाही म्हणायची सोय नाही. युरोपचं स्वातंत्र्य होईल हो, आमचं काय?

बंडू_बार्शीकर
चाकणकर +१. होल्डिंग फर्नेसचा किस्सा भारी. आमच्या इथे कोल्ड स्टोरेजला मीटर बसवून हेच निघालं होतं.

डोंगरवाट
@चाकणकर, एकदम कळीचं बोललात. कॅटेना-एक्सच्या रचनेत फूटप्रिंटचा शेवटचा आकडा द्यायचा, त्यामागची वीज, भंगार, सप्लायर ही फोड उघडी करायची गरज नाही. एक पायरी वर, एक पायरी खाली एवढंच दिसायला हवं. तुमच्याकडून एक्सेलमध्ये सगळी फोड मागवली जाते ती मधल्या सप्लायरची सवय आहे. तुम्ही फक्त निकाल आणि पडताळणीचं प्रमाणपत्र देतो असं म्हणून बघा.

चाकणकर
हे कोणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या मीटिंगला हाच मुद्दा घेतो. धन्यवाद ताई.

गोठा_ते_ग्राफ
कारखान्यांचंच चाललंय सगळं, शेतीचं कोणी बोलत नाही. मी नेदरलँड्समध्ये डेअरीच्या क्षेत्रात सल्लागार आहे. इथे दूध काढणारे रोबो १९९२ पासून आहेत. एक रोबो प्रत्येक गाईचं, प्रत्येक सडाचं दूध, त्याची वाहकता, तापमान, ती किती वेळा आली, किती चघळली, सगळं जाणतो. वाहकता वाढली की कासदाह येतोय असा अंदाज. हा डेटा शेतकऱ्याचा की रोबोवाल्याचा? खाद्य कंपनीला हवा, बँकेला हवा, डॉक्टरला हवा.

इथल्या शेतकऱ्यांनी सहकाराचा मार्ग काढला. जॉइनडेटा नावाची सहकारी संस्था आहे, डेटा कोणाला द्यायचा त्याची परवानगी शेतकरी स्वतः चालू-बंद करतो. महाराष्ट्रातल्या लोकांना दूध आणि सहकार हे वेगळं समजवायला नको. चाकणकरांना वाटते ती असमानता तिथे थोडी कमी झाली कारण शेतकरी एकेकटे बोलत नाहीत. छोट्या सप्लायरांनी संघटनेमार्फत अटी ठरवल्या तर?

कलम_कागद
काही गोष्टी स्पष्ट करतो, ब्रसेल्समध्ये याच विषयात काम करतो.

हातोडी यांची भीती कायद्यात धरलेली आहे. व्यापारी गुपित असेल तर गोपनीयतेच्या अटी घालता येतात, आणि गंभीर आर्थिक नुकसान जवळपास नक्की आहे असं दाखवता आलं तर अपवाद म्हणून नकारही देता येतो, पण तो लेखी द्यायचा आणि सरकारी यंत्रणेला कळवायचा. मिळालेल्या डेटावरून स्पर्धक मशीन बनवायला बंदी आहे. स्पर्धक सर्व्हिस द्यायला मात्र बंदी नाही, म्हणून नेकारकाठ यांचा सर्व्हिसवाला कायदेशीर. मशीनने गोळा केलेला कच्चा आणि जुजबी साफ केलेला डेटा मिळतो, त्यावर कंपनीने अल्गोरिदम चालवून काढलेले निष्कर्ष नाही मिळत. पन्नासपेक्षा कमी माणसांच्या छोट्या मशीनवाल्यांना, ते मोठ्या कंपनीचा भाग नसतील तर, हे बंधन नाही. आणि ज्यांना डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट या युरोपियन कायद्याखाली गेटकीपर, म्हणजे बाजाराचे द्वारपाल ठरवलंय त्या बड्या कंपन्यांना या वाटेने डेटा घेता येत नाही. हा मुद्दा स्वावलंबनाचा आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

चाकणकर, अटी एकतर्फी लादल्या तर त्या अन्यायकारक म्हणून बांधील धरल्या जात नाहीत असंही प्रकरण आहे, पण ते युरोपियन कायदा लागू होणाऱ्या करारापुरतं, त्यामुळे तुमच्या करारावर कुठल्या देशाचा कायदा लिहिलाय ते आधी बघा.

१९ नोव्हेंबर २०२५ ला युरोपियन आयोगाने डिजिटल नियम सोपे करायचा प्रस्ताव आणलाय. त्यात गुपित परदेशात फुटण्याचा धोका असेल तर नकार द्यायला जास्त जागा दिली आहे. हातोडी खूश होतील, मला मात्र ती पळवाट व्हायची काळजी वाटते.

हातोडी
खूश आहेच. पळवाट करणारे करतील, पण खरोखर धोका असणारेही आहेत.

मेधा_ल्योन
कलम_कागद, नीट समजलं, आभार. पण हे सगळं डेटा कोणाला द्यायचा याबद्दल झालं. सेवा बंद करायचं बटण कोणाच्या हातात हा माझा प्रश्न तसाच आहे.

समुद्रपक्षी
बटणाचा प्रश्न आपल्याकडच्याच उदाहरणाने कळेल. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने रशियाविरोधी निर्बंधांच्या अठराव्या यादीत नायारा एनर्जीला घातलं, मुख्यालय मुंबईत, रिफायनरी गुजरातेत वाडीनारला. चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टने त्यांची ईमेल आणि टीम्स सेवा थांबवली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाली. निर्बंध युरोपचे, कंपनी अमेरिकन आणि बंद पडलं भारतातलं ऑफिस, तेही पैसे भरलेलं लायसन्स असताना.

तिकडे हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. अमेरिकेने निर्बंध घातल्यावर मुख्य सरकारी वकिलांचं ईमेल बंद झाल्याच्या बातम्या मे २०२५ मध्ये आल्या, मायक्रोसॉफ्टने आपण न्यायालयाची सेवा थांबवली नाही असं सांगितलं. पुढे ऑक्टोबरमध्ये न्यायालय जर्मनीच्या ओपनडेस्क या ऑफिस सॉफ्टवेअरकडे जाणार हे कळलं. युरोपातल्या प्रत्येक सरकारी आयटी खात्यात तेव्हापासून हीच चर्चा आहे, माझ्याही ऑफिसात.

सई_म
आले परत. मी कीलला राहते, श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात. आमच्या राज्य सरकारने लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरवर जायचं ठरवलं आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत चाळीस हजारांवर मेलबॉक्स आउटलुकवरून ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्ड या मुक्त ईमेल सॉफ्टवेअरवर हलवले. माझी शेजारीण सरकारी कार्यालयात आहे, सुरुवातीला कॅलेंडरवरून फार वैतागली होती, आता सवय झाली म्हणते. म्युनिकचा किस्सा सगळ्यांना माहीतच असेल, २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर यायचा ठराव. म्हणून मला वाटतं तंत्रज्ञानापेक्षा राजकीय पाठबळ किती वर्षं टिकतं त्यावर आहे सगळं.

बंडू_बार्शीकर
अवांतर: लिब्रेऑफिसमध्ये मराठी जोडाक्षरं नीट दिसतात का? मागे वापरलं तेव्हा रफार भलतीकडे जायचा.

सई_म
नीट दिसतात. युनिकोड फॉन्ट वापरा, जुन्या फॉन्टमधल्या फाइल असतील तर आधी बदलून घ्या.

बाल्टिक_वारा
एस्टोनियाचं कोणी घेतलं नाही म्हणून. तिथे एक्स-रोड, म्हणजे सरकारी खात्यांना एकमेकांची माहिती मागता येईल अशी यंत्रणा २००१ पासून आहे. मधे मोठा डेटाबेस नाही, प्रत्येक खात्याचा डेटा त्याच्याकडे, विचारणा सही होऊन जाते, प्रत्येक विचारणेची नोंद राहते. तेरा लाख लोकसंख्येच्या देशाने स्वतः बांधलं, कोड खुला केला, फिनलंडने घेतलं. टॅलिनमध्ये छोटी कंपनी चालवतो, सरकारला एकदा दिलेली माहिती परत मागितली जात नाही. मोठ्ठा क्लाउड न बांधता स्वावलंबी होता येतं, त्यामुळे माझं मत नेकारकाठ यांच्या बाजूने.

रात्रपाळी
युरोपियन सर्व्हर म्हणजे निर्धास्त असंही कोणी समजू नका. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या फ्रेंच क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं तेव्हा मी सपोर्टला होतो, आमच्या गिऱ्हाइकांच्या साइट त्यावर होत्या. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा डेटा गेला तो गेलाच. रात्रभर फोन. बॅकअप दुसऱ्या शहरात, शक्यतो दुसऱ्या कंपनीकडे. मेधाताई आणि नेकारकाठ दोघांनाही सांगतो, बॅकअपवरून परत उभं करून बघितलं नसेल तर तो बॅकअप धरू नका.

मेधा_ल्योन
रात्रपाळी, हे शंभर टक्के मान्य. बाल्टिक_वारा, एस्टोनियाने स्वतः बांधलं हे तुम्हीच म्हणताय, मग तो माझ्याही बाजूचा मुद्दा झाला. बांधता येणारी माणसं आपल्याकडे हवीत. फोल्क्सवागनने २०१९ मध्ये कारखान्यांचा क्लाउड अ‍ॅमेझॉनबरोबर करायचं ठरवलं, एअरबसने आपली स्कायवाइज ही डेटा यंत्रणा पॅलंटिरला घेऊन केली. इतक्या बलाढ्य कंपन्यांना युरोपात जोडीदार मिळू नये? दार उघडं ठेवा, पण पलीकडे जायला कोणी शेजारी असला पाहिजे ना. सरकारी खरेदीतला ठरावीक वाटा युरोपियन कंपन्यांना दिल्याशिवाय तो उभा राहणार नाही.

नेकारकाठ
मेधाताई, शेजारी हवाच. तिथे माझा विरोध नाही. फक्त शेजारी उभा राहीपर्यंत लोकांनी अडकून राहू नये, आणि सोडता येतं म्हटल्यावरच त्या नव्या शेजाऱ्याकडे गिऱ्हाईक जाईल. १२ जानेवारी २०२७ नंतर किती कंपन्या खरोखर हलतात ते बघू.

बाकी कारखान्यातून वाचणाऱ्यांना सांगतो, आमच्या वेळी उपयोगी पडलेलं असं: मागणी लेखी करा, मशीनचा सीरियल नंबर घाला, कुठल्या सेन्सरचा किती वारंवारतेचा डेटा हवा ते लिहा. नुसतं "डेटा द्या" म्हटलं तर पीडीएफ येते.

कमळ_पाटील
आमच्याकडे मशीन लीजवर आहेत. आम्हाला मागता येईल की मालक लीज कंपनीच मागणार?

कलम_कागद
तुम्हालाच मागता येईल. कायद्यात वापरणारा म्हणजे मालक किंवा करारानं वापराचा हक्क मिळालेला, लीजवाले त्यात येतात. लीजचा करार काढा, त्यात डेटाबद्दल एखादं कलम घुसवलंय का बघा. असेल तर शब्द न शब्द इथे टाका, नावं काढून. वाचून सांगतो.